वेबसाइटसाठी मराठी लिहिताना: नाशिकच्या नवख्या लेखकांसाठी

गंगापूर रोडने धरणाकडे जाताना लागणाऱ्या एका घरातल्या ओळखीच्या कुटुंबाने मागच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी तयार केल्या. वेबसाइट केली, फोटोही छान आले. खोल्यांच्या माहितीत एक ओळ होती: ‘खोलीत टीव्ही आहे गरम पाणी मिळेल सकाळी नाश्ता मिळेल’. डिसेंबरात सोलापूरहून एका बाईंचा फोन आला. संध्याकाळी गरम पाणी मिळत नाही का? सोबत सासूबाई आहेत, दिवसभर देवदर्शन करून आल्यावर त्यांना लागेल. बाईंनी फोन केला म्हणून घोळ कळला. न विचारताच पान बंद करून दुसरीकडे गेलेले किती असतील, हे कळायला मार्ग नाही. पहिल्या ‘मिळेल’नंतर पूर्णविराम असता, तर ‘सकाळी’ हा शब्द नाश्त्याशी जोडला गेला असता आणि त्या बाईंना फोन करावा लागला नसता.

रविवार कारंजावरच्या दुकानात गिऱ्हाईक माल हातात घेऊन बघते, शंका आली तर विचारते आणि दुकानदाराच्या बोलण्यावरून माणूस जोखते. वेबसाइटवर त्याच्यासमोर फक्त अक्षरे असतात. अक्षरे निष्काळजी दिसली, की खोलीतली चादर, पेटीतली द्राक्षे, शिकवणीतला फळा, सगळेच तसे असेल असे त्याला वाटते. हा अंदाज चुकीचाही असेल, पण तो खोडून काढायला तुम्ही तिथे नसता.

मी बरीच वर्षे नाशिकच्या छापखान्यांत मुद्रिते, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रती, तपासली. आता ओळखीच्या लोकांची वेबसाइटवरची पाने वाचून देते. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतो आहे, तशी पहिल्यांदाच स्वतःच्या धंद्याविषयी लिहिणाऱ्यांची संख्या वाढली आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: आधी प्रश्न लिहा, मग उत्तरे

संगणक उघडण्याआधी कागदावर गिऱ्हाइकाचे प्रश्न लिहा, आणि ज्या क्रमाने ते फोनवर विचारतात त्याच क्रमाने लिहा. कुठे आहे, कसे यायचे, किती पैसे, काय मिळेल, कधी उघडे असते. बहुतेक जण पानाची सुरुवात ‘आमच्या विषयी थोडेसे’ने करतात आणि पत्ता तळाशी ढकलतात. वाचणाऱ्याला मात्र पत्ता आधी हवा असतो.

उत्तर लिहिताना बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. ‘बसस्थानकापासून पाच मिनिटांवर’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, तरी नाशिकच्या बाबतीत ते निरुपयोगी आहे. जुने सीबीएस, ठक्कर बाजार, मुंबई नाक्याजवळचे महामार्ग स्थानक की पंचवटीतले निमाणी? पाच मिनिटे पायी की रिक्षाने? स्टेशनचेही तेच. रेल्वेने येणारा माणूस नाशिक रोडला उतरतो, आणि तिथून रामकुंड सुमारे नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. ‘स्टेशनजवळ’ वाचून तो पंचवटीजवळच्या खोलीची कल्पना करून बसला, तर पहिल्या भेटीतच रुसवा. ‘नाशिक रोड स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटे, रामकुंडापासून नऊ किलोमीटर’ असे लिहिले की कोणाचीही फसगत होत नाही.

दुसरी पायरी: मजकूर युनिकोडमध्येच टंका

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी पद्धत, जी सगळ्या फोनना आणि संगणकांना कळते. छापखान्यातून पत्रक करून घेतले असेल, तर त्याची फाइल तशीच वेबसाइटवर चिकटवू नका. आपल्याकडे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, बरेचसे काम अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये चालते. त्या फाइलीत खरी देवनागरी अक्षरे नसतात. इंग्रजी चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. बदलताना जोडाक्षरे आणि रफार हमखास हलतात. पान-दोन पानांचा मजकूर असेल तर सरळ नव्याने टंकावा हे बरे.

काही चुका अशा असतात की त्या डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘हॉटेल’ लिहिताना ऑची मात्रा एकाच कळीने द्यायची असते. काही जण आधी काना देतात आणि वर अर्धचंद्र ठेवतात. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसते, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, त्यामुळे पानावर ‘हॉटेल’ शोधले तर दुसरा शब्द सापडत नाही. विसर्गाचेही तसेच. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ यांत विसर्ग हवा, तिथे अपूर्णविरामाचे दोन ठिपके दिलेले असतात; आणि ‘पत्ता:’, ‘वेळ:’ यांत अपूर्णविराम हवा, तिथे विसर्ग ठोकलेला असतो. दोन्ही कळफलकावर वेगवेगळ्या जागी आहेत. एकदा शोधून ठेवा, पुढे हात आपोआप वळतो.

आणखी एक कळ नाशिक जिल्ह्यात रोज लागेल, ‘शेतकऱ्यांचा’मधल्या अर्ध्या र ची. ती न सापडल्याने लोक ‘शेतकर्यांचा’ लिहितात. ‘ऱ’ हे नुक्ता असलेले अक्षर टंकून त्याला य जोडला, की हवा तो आकार मिळतो. हा फरक शोभेचा नाही. आचार्यास दक्षिणा दिली आणि आचाऱ्यास दक्षिणा दिली, या दोन वाक्यांत पैसे वेगवेगळ्या माणसांना गेले. ट्रेकला नेणाऱ्या एका गटाने ‘सह्याद्रीच्या खोल दर्या’ असे लिहिले होते. दर्या म्हणजे समुद्र. त्यांना दऱ्या म्हणायच्या होत्या.

तिसरी पायरी: व्याकरण

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. मराठी शुद्धलेखनाचे आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाने ठरवले आणि महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. तेव्हा ते १४ होते. १९७२ मध्ये आणखी ४ आले. एकूण १८ नियम म्हणजे एका दुपारचे वाचन. सगळे पाठ करायची गरज नाही. धंद्याच्या मजकुरात पुन्हापुन्हा लागणारे थोडेच आहेत.

मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा: दूध, तूप, पीठ, मीठ, पीक, विहीर, जमीन. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: दुधाचा, तुपात, पिठाची, मिठात, पिकाला, विहिरीत, जमिनीचा. घरगुती पदार्थ विकणाऱ्यांनी एवढा एक नियम सांभाळला तरी त्यांच्या पानावरच्या बऱ्याच चुका जातील. गावांच्या नावातला ‘पूर’ही दीर्घच: गंगापूर, सातपूर.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपले मूळ रूप सोडत नाहीत. मंदिर, तीर्थ, पूजा, सूचना, परीक्षा, आशीर्वाद. नाशिकमध्ये हे शब्द प्रत्येक दुसऱ्या पानावर येतात आणि ‘मंदीर’, ‘तिर्थ’, ‘पुजा’, ‘आर्शिवाद’ असे येतात. ‘मंदिर’ला वरचा नियम लावून ‘मंदीर’ करण्याचा मोह होतो, करू नका. अपवाद फक्त शेवटच्या अक्षराचा. ते इकारान्त असेल तर याही शब्दांत दीर्घ: कवी, गती, व्यक्ती. ‘आणि’ मात्र ऱ्हस्वच राहतो. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्यांच्याच गावात दर वर्षी त्या दिवशी कुठे ना कुठे ‘गौरव दीन’ लिहिलेले दिसते. दीन म्हणजे गरीब, बापुडा. मला ते दर वेळी लागते.

जोडाक्षरांची तीन-चार जुनी दुखणी आहेत. ‘प्रसिध्द’, ‘शुध्द’, ‘पध्दत’ नव्हे. द आधी, ध नंतर: प्रसिद्ध, शुद्ध, पद्धत. ‘महत्त्व’मध्ये दोन त, कारण तो महत् अधिक त्व आहे. ‘उत्कृष्ट’मध्ये ट, ठ नाही. आणि आपल्या दोन देवस्थानांची नावे तरी नाशिककराने चुकवू नयेत. त्रि अधिक अंबक मिळून त्र्यंबक होतो, म्हणून त्र्यंबकेश्वर; ‘त्रंबकेश्वर’ लिहिले की य गळून पडतो. वणीची देवी सप्तशृंगी. शृंग म्हणजे शिखर, त्यात श ला ऋकार आहे, र नाही. ‘सप्तश्रृंगी’ असे लिहिलेले इतक्या पाट्यांवर दिसते, की बरोबर लिहिलेलेच चुकीचे वाटू लागते.

प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटवून लिहा. ‘नाशिक मध्ये’, ‘घरा समोर’, ‘दुकाना पासून’ ही हिंदीची सवय आहे. मराठीत नाशिकमध्ये, घरासमोर, दुकानापासून. तोडून लिहिले, की फोनच्या अरुंद पडद्यावर ‘नाशिक’ एका ओळीत राहते आणि ‘मध्ये’ पुढच्या ओळीत एकटे पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावाच्या नावाचे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी नावाचे बदलणारे रूप. येवल्याची पैठणी म्हणावे, ‘येवलाची’ नाही. सटाण्यात, वणीला, पंचवटीत. यंत्राने केलेल्या भाषांतरात गावांची नावे अशी वळत नाहीत, आणि ‘येवला मध्ये उपलब्ध’ वाचताच इथला माणूस ओळखतो की हे लिहिणाऱ्याने मराठीत लिहिलेलेच नाही. खोली राखून ठेवण्याच्या बटणावर ‘आता पुस्तक करा’ असे छापलेलेही मी पाहिले आहे. ‘खोली बुक करा’ हे साधे आणि सर्वांना समजणारे मराठी आहे.

आदराचे अनुस्वार गाळू नका. ‘आमच्या वडिलानी सुरू केलेली बाग’ नव्हे, वडिलांनी. उलट नांव, गांव, पांच यांतले न उच्चारले जाणारे अनुस्वार केव्हाच गेले आहेत. ‘केले, असे, द्राक्षे’ लिहायचे की ‘केलं, असं, द्राक्षं’, हे आधी ठरवा. पहिले रूप लेखी, दुसरे बोलण्याच्या जवळचे. एका पानावर दोन्ही मिसळले की दोन माणसांनी अर्धे-अर्धे लिहिल्यासारखे वाटते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. शुद्ध लिहायचे म्हणजे जड लिहायचे नाही. ‘अतिथींच्या आस्वादनार्थ सात्त्विक भोजनव्यवस्था’ वाचून कोणाला भूक लागत नाही. तुमच्याकडे शेताला वावर म्हणत असतील तर वावर लिहा, मळा म्हणत असतील तर मळा. बागलाणातल्या आजींचे वाक्य अहिराणीत असेल तर ते अवतरणात तसेच ठेवा; बोली ही चूक नव्हे. व्याकरण सांभाळायचे ते शब्द कोड्यात पडू नयेत म्हणून. घरचा शब्द टाकून परका शब्द आणलात, तर पानातून तुम्हीच निघून जाता.

विशेषणांना आवर घाला. ‘जगप्रसिद्ध, सर्वोत्कृष्ट, एक नंबर द्राक्षे’ यातून काहीही कळत नाही. ‘थॉमसन आणि सोनाका, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, पेटी पाच किलोची’ यातून सगळे कळते. दावा करताना षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे ‘आमचा’, ‘आमच्या’ यांतला चा-ची-चे, जपून वापरा. पैठणीला आणि नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे, ते त्या प्रदेशातल्या मालाला. ‘आमच्या पैठणीला मानांकन मिळाले’ असे लिहिले की ते तुमच्या दुकानाला मिळाल्यासारखे वाचले जाते. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून वेगळी नोंदणी असते. तुमची असेल तर तसे स्पष्ट लिहा. नसेल तर ‘येवल्यात विणलेली पैठणी’ एवढे खरे आणि पुरेसे आहे.

विरामचिन्हांबद्दल सुरुवातीलाच बोलले. एकच भर: स्वल्पविराम आणि पूर्णविराम शब्दाला चिकटून द्या, मोकळी जागा त्यांच्यानंतर सोडा. आधी जागा सोडली तर चिन्ह घसरून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसते.

चौथी पायरी: मांडणी

वाचणारे बहुतेक जण फोनवर वाचतात, आणि तेही रिक्षात, रांगेत, उन्हात. परिच्छेद चार-पाच ओळींचे ठेवा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागते. अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवले की डोळ्यांना बरे पडते. अक्षरांमधले अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. तिरपी अक्षरेही टाळा. जोर द्यायचा असेल तर ठळक करा, तेही एखाद्याच शब्दाला. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट सोडा. मराठीत सामान्यरूपे आणि प्रत्ययांमुळे शब्द लांब होतात आणि फोनच्या अरुंद ओळीत मधे मोठी भगदाडे पडतात. डावी कड सरळ असली की पुरे.

रंगांचा मोह आवरावा. पिवळ्यावर पांढरे किंवा जांभळ्यावर लाल उन्हात दिसत नाही. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ एवढा फरक मागितला आहे. तो मोजून देणारी साधने फुकट मिळतात.

सगळी माहिती एका रंगीत चित्रात भरून ते चित्रच पानावर लावण्याची पद्धत फार पसरली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ते चालून जाते. वेबसाइटवर त्या चित्रातला पत्ता कोणाला उचलून घेता येत नाही आणि फोन नंबर दाबून लावता येत नाही. दृष्टिहीन व्यक्तीचा फोन पान वाचून दाखवतो, तेव्हा त्या चित्राजवळ येऊन तो गप्प होतो. चित्र ठेवा, पण त्यातला सगळा मजकूर खाली अक्षरांतही द्या, आणि फोटोंना एका ओळीचे वर्णन जोडा. पान बनवून देणाऱ्याला सांगा की कोडमध्ये पानाची भाषा मराठी अशी नोंदव. त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला मराठी आवाज निवडता येतो, आणि सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची आपली मराठी वळणे उमटतात. हे दोन मिनिटांचे काम आहे आणि मराठी पानांवरही ते बरेचदा राहून जाते.

दर तक्त्यात द्या. ‘प्रतिव्यक्ती’ की ‘प्रतिखोली’, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

पाचवी पायरी: तपासणी

लिहिले त्याच दिवशी प्रसिद्ध करू नका. आपली चूक आपल्याला त्याच दिवशी दिसत नाही, कारण डोळा समोरची अक्षरे सोडून मनातले वाक्य वाचत असतो. एक रात्र जाऊ द्या. मग कागदावर छापून घ्या आणि मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल किंवा श्वास तोकडा पडेल, तिथे वाक्य तोडा. छापखान्यात आम्ही एक जण मूळ प्रत वाचायचो आणि दुसरा मुद्रितावर बोट ठेवून पुढे जायचा. घरी मुलीला किंवा शेजाऱ्याला बसवून तसेच करा. त्यानंतर शेवटच्या वाक्यापासून उलट वर एकेक वाक्य वाचा. अर्थाचा ओघ तुटतो आणि ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांत भरतात.

आकडे आणि नावे यांची फेरी वेगळी करा. त्या फेरीत दुसरे काही बघू नका. पानावरचा फोन नंबर स्वतःच्या फोनवरून खरोखर लावून बघा. एका शिकवणीच्या पानावर नंबरातले दोन आकडे उलटे पडले होते, आणि सबंध जून महिना पालकांचे फोन दुसऱ्याच कोणाच्या घरी जात होते. जूनमध्ये गेलेले विद्यार्थी परत येत नाहीत.

शंका असलेल्या शब्दाला अंदाजाने निकाल लावू नका. शब्दकोश उघडा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. तिथे जाऊन एक दुपार शब्दकोशांपाशी बसा. स्वतःची एक वही ठेवा आणि तुमच्या धंद्यात लागणारे तीस-चाळीस शब्द बरोबर रूपात लिहून काढा, प्रत्यय लागल्यावर काय होते तेही शेजारी लिहा: पाहुणा, पाहुण्यांना, खोली, खोल्यांचे, घड, घडांना, जरीकाठ, जरीकाठाची. ‘वेबसाइट’ की ‘वेबसाईट’ असला घोळही तिथेच एकदा मिटवा. पुढच्या वेळी ही वहीच अर्धे काम करते.

त्या गंगापूर रोडच्या कुटुंबाकडे आता अशी वही आहे. दिवाळीआधी आणि द्राक्षांच्या हंगामाआधी, वर्षातून दोनदा, त्यांची सून ती घेऊन बसते. दर, वेळा आणि रस्त्यांची माहिती बदलते आणि पानाच्या तळाशी ‘माहिती अद्ययावत केल्याचा दिनांक’ घालते. त्यात ‘दिनांक’चा दि ऱ्हस्व आहे ना, एवढे मला फोन करून विचारते.